बटणं खरी समजा

३ मार्च

प्रिय भोपळ्या,

पोचले. खोलीत एक खाट, एक टेबल आणि एक खिडकी आहे. खिडकी उघडते, पण लागत नाही. तुझ्या मिशनच्या माहितीपत्रकात यालाच "खेळती हवा" म्हटलंय. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून उभा जन्म काढलेली बाई खिडकीला घाबरत नाही. तक्रार तुझ्याबद्दल आहे.

मला इथे बचतगट शिकवायला पाठवलंस. बायका आल्या आहेत. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये बाकांवर ओळीने बसल्या आहेत. तीन कुलपांची लोखंडी पेटी आली आहे, तीन किल्ल्या तिघींच्या गळ्यात आहेत. फक्त पैसे नाहीत, कारण कार्यालय नियमावली मंजूर करत नाही तोवर पेटीत एक नाणंही टाकायचं नाही, असं तूच कळवलंयस. मंजुरी कधी? तर "यथावकाश". हा शब्द ज्याने शोधला त्याला आमच्या मदर सुपीरियरने भिंतीकडे तोंड करून उभं केलं असतं.

आलेल्या बायका परत पाठवल्या तर पुन्हा येत नाहीत. म्हणून मी सराव सुरू केला. हॉलच्या कोपऱ्यात तुम्ही पाठवलेल्या जुन्या कपड्यांचा गठ्ठा धूळ खात पडलाय. त्यातल्या शर्टांची आणि कोटांची बटणं कापून प्रत्येकीला मूठभर दिली आणि बजावलं, "मंजुरी येईपर्यंत ही बटणं खरी समजा. हीच शिल्लक टाकायची, हीच कर्जाऊ घ्यायची, यांचंच व्याज भरायचं. हसायचं नाही. जी हसेल तिला एक बटण दंड."

गटात एक इस्त्रीवाली आहे. दारोदार फिरून गाठोडी गोळा करते, घरी नेऊन इस्त्री करते आणि पुन्हा दारोदार पोचवते. बाजाराच्या तोंडाशी एक टपरी रिकामी आहे. तिथे बसायला मिळालं तर तिची पायपीट संपेल आणि गिऱ्हाईक आपल्या पायांनी येईल. जागेचा मालक अनामत मागतो आणि जूनअखेरपर्यंतच थांबणार आहे. नंतर टपरी मोबाइल दुरुस्तीवाल्याला जाणार. गटाचं मोठं कर्ज तिला मिळायला हवं. तेव्हा तुझा यथावकाश जरा लवकर आण.

तुझी,
आक्का

१९ मार्च

प्रिय आक्का,

पत्र मिळालं. आधी एक नम्र विनंती. पाकिटावर "भोपळ्या, मिशन सचिव" असं लिहू नकोस. टपाल टंकलेखिका उघडते. हल्ली शिपाई मला चहा देताना ओठ चावतो.

नियमावली उपसमितीपुढे आहे. उपसमितीचे अध्यक्ष काटकसरीवर व्याख्यान द्यायला परदेशी गेले आहेत. ते परतले की विषय पुढे सरकेल.

सरावाची कल्पना मला मनापासून आवडली. सराव जितका खऱ्यासारखा, तितका पाया पक्का. नियम अगदी काटेकोर पाळायला लाव. तुला ते सांगायला नको म्हणा. मला आठवतंय, मावशीकडे आम्ही सुट्टीत आलो की तू आम्हाला आंघोळीचं वेळापत्रक द्यायचीस.

देणगीदारांसाठी गटाचा एक फोटो पाठव. बायका हसताना हव्यात.

तुझा मावसभाऊ

८ एप्रिल

प्रिय भोपळ्या,

हसतानाचा फोटो मिळणार नाही. हसण्याला दंड आहे.

उशिरा येण्यालाही आहे, मधे बोलण्यालाही आहे आणि पेंगण्यालाही आहे. शर्टाचं बटण हे सगळ्यात लहान. कोटाचं मोठं बटण म्हणजे शर्टाची पाच. शिंपल्याचं बटण जिच्याकडे असेल ती पुढच्या बाकावर बसते आणि मागच्या बाकाकडे मान वळवून बघत नाही. हे दर मी ठरवलेले नाहीत. अध्यक्षीण पाववाली आहे, पहाटेपासून भट्टीपुढे उभी राहणारी बाई, तिने ठरवले.

मी वाटलेली बटणं दंडात संपली तेव्हा बायकांनी घरून आणायला सुरुवात केली. बाजारात फिरताना मला इतक्या उघड्या छात्या दिसतात की मी आता नजर जमिनीवर ठेवून चालते. रविवारी पाळकसाहेबांनी संपूर्ण उपदेश दोन्ही हात छातीवर घट्ट धरून केला. मंडळी भारावली. म्हणाली, आज साहेबांवर वेगळाच आत्मा उतरला होता. आत्मा कसला उतरतोय! त्यांची बायको बैठकीला लागोपाठ दोनदा उशिरा आली होती, आणि झग्याला बटणं राहिली नव्हती.

आणि ऐक, मलाही दंड झाला. मला! गटातल्या शिंपीण आणि नर्स कुजबुजत होत्या म्हणून मी त्यांना रागावले, तर पाववाली म्हणते, "बाई, हात वर न करता बोललात. एक बटण."

"अगं, मी शिकवतेय तुम्हाला!"

"हे दुसरं."

मी दोन्ही भरली. बिनबाह्यांच्या स्वेटरची. शिस्त शिकवणाऱ्याने ती पाळायची असते, पण मला राग आलाय हे नोंदवून ठेव. मंजुरी कुठे आहे?

आक्का

२५ एप्रिल

प्रिय आक्का,

आनंदाची बातमी. मंजुरी सोबत जोडली आहे, तीन शिक्क्यांसह. हे पत्र मिळताच बटणं बंद आणि खरे पैसे सुरू. इस्त्रीवालीचं कर्ज मेच्या अखेरीस सहज होऊन जाईल.

तुझ्या गटाबद्दल मी देणगीदारांना लिहिलं आहे. हजेरी पूर्ण, परतफेड शंभर टक्के, शिस्त कडक. चलनाचा उल्लेख केलेला नाही. फॉर्ममध्ये तेवढी जागा नव्हती.

तुझा मावसभाऊ

१४ मे

प्रिय भोपळ्या,

मंजुरी मी उभं राहून वाचून दाखवली. तिन्ही शिक्के फिरवून दाखवले. म्हटलं, "बायांनो, सराव संपला. पुढच्या बैठकीपासून खरे पैसे आणा."

बायकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कोणाचं तरी निधन जाहीर केलंय. मग पाववालीने हात वर केला. "बाई, आणि आमची शिल्लक?"

"कसली शिल्लक? बटणं आहेत ती!"

"तुम्हीच म्हणालात खरी समजा. आम्ही समजलो."

मी म्हटलं, ठीक आहे, पण इस्त्रीवालीचा तरी विचार करा, तिला जूनअखेर अनामत भरायची आहे. तर इस्त्रीवालीच उठली. बारीक चणीची बाई, आवाज मात्र खणखणीत. म्हणाली, "बाई, मोठ्या कर्जाची पाळी चिठ्ठ्या टाकून ठरली. माझी जूनच्या शेवटच्या बैठकीत आहे. आज सगळं पुसून नव्याने मांडलंत तर पुन्हा चिठ्ठ्या, आणि मी कितवी येईन कोण जाणे. माझी पाळी मोडू नका."

"अगं, पाळी आली तरी मिळणार काय? बटणं! ती घेऊन मालक टपरी देईल का तुला?"

"ते माझं मी बघते. मिळू तर दे."

ठराव एकमताने मंजूर झाला. सगळ्यांची पाळी होईपर्यंत आणि सगळी कर्जं फिटेपर्यंत बटणंच चालतील. माझं मत धरलं नाही, कारण माझ्याकडे थकबाकी आहे. ते जाऊ दे.

तुला वाटत असेल मी अतिशयोक्ती करतेय. मग हेही ऐक. दिवसअखेर उरलेले पाव पाववाली आता बटणावर देते. शर्टाचं एक बटण, एक पाव. काल मी घेतला. चांगला होता. आणि टपरीच्या मालकाची बायकोही गटात आलीय. टापटिपीची बाई, पण घड्याळाशी तिचं वैर आहे. दंड भरायला कर्ज काढते आणि कर्जाचा हप्ता द्यायलाही उशिरा येते.

मला सांग, या बाईला, म्हणजे मला, कॉन्व्हेंटमध्ये ढीगभर प्रार्थना पाठ करायला लावल्या, पण बटणांच्या बँकेतून बाहेर कसं पडायचं हे कोणी का शिकवलं नाही?

आक्का

३० मे

प्रिय आक्का,

घाबरू नकोस. उपाय सापडला आहे, आणि मला म्हणायला संकोच वाटतो, पण तो मला सुचला.

अडचण काय आहे? बायकांवर बटणांची कर्जं आहेत, आणि ती फिटेपर्यंत खरे पैसे येत नाहीत. म्हणजे बटणं कमी पडताहेत. मी इथल्या मंडळीत रविवारी आवाहन केलं. लोकांचा प्रतिसाद बघून डोळे भरून आले. एका आजीबाईंनी यजमानांच्या अखेरच्या सुटाची बटणं दिली. एकूण चार किलो झाली. पार्सल आजच रवाना करतोय. सगळ्यांना सढळ हाताने वाट. एका दिवसात कर्जं फिटतील, सराव संपेल, आणि इस्त्रीवालीचं काम खऱ्या पैशात मार्गी लागेल.

आभार मानू नकोस. हे आमचं कामच आहे.

तुझा मावसभाऊ

१६ जून

भोपळ्या,

"प्रिय" मी मुद्दाम लिहिलेलं नाही.

इथे टपाल आठवड्यातून एकदा नावेने येतं. पोस्टमास्तर धक्क्यावरच पार्सलं तपासतात. त्यांनी तुझा खोका सगळ्यांसमोर फोडला. चार किलो! धक्क्यावरच्या माणसांनी टोप्या काढल्या.

हल्ली ताजे पावही बटणावर मिळतात. त्या सकाळी पाव शर्टाच्या एका बटणाला होता. जेवणाच्या वेळेपर्यंत तो कोटाच्या बटणाला गेला. दुपारी मी कोटाची दोन घेऊन गेले तर पाववाली फळकुटं लावून बसलेली. "आज पाव नाहीत, बाई."

"मला दिसताहेत की! मागे टोपली भरलीय."

"ते उद्याचे आहेत. उद्या बटणाला कोण विचारतंय ते बघू दे आधी."

तासाभरात तातडीची बैठक. किल्ल्यावाल्या तिघीही पेटीवर बसून, जणू अंडी उबवताहेत. ज्यांची शिल्लक होती त्या ती परत मागत होत्या, ज्यांच्यावर कर्ज होतं त्या आजच फेडतो म्हणत होत्या. शिंपिणीने तर आपली बटणं घरी नेऊन पुन्हा नवऱ्याच्या शर्टाला शिवायला घेतली. म्हणे, तिथे तरी किंमत टिकेल.

मग इस्त्रीवाली उठली. तिचा आवाज या वेळी खणखणीत नव्हता. "बाई, मी दारोदारच्या गाठोड्यांतून निघालेलं एकही बटण खिशात घातलं नाही. ज्याचं त्याला परत दिलं. माझी शिल्लक माझ्या घरच्या कपड्यांची. माझ्या लेकीच्या झग्याचीसुद्धा. आणि तुमच्या भावाने ती किलोने पाठवली?"

मी फळा पुसायला घेतला. तो कोराच होता.

पाववाली म्हणाली, "बाहेरून आलेलं फुकटचं काही पेटीत घालायचं नाही, त्याने गट बसतो, हे आम्हाला कोणी शिकवलं?"

मी शिकवलं. पहिल्याच दिवशी, फळ्यावर मोठ्या अक्षरांत.

तुझी चार किलो परत पाठवतेय. सगळा गट धक्क्यापर्यंत आला आणि नाव दिसेनाशी होईपर्यंत हलला नाही. त्यानंतर पाव पुन्हा शर्टाच्या एका बटणावर आला. वाटखर्च तू भरायचा आहेस.

आक्का

२७ जून

महोदया,

आपल्या दि. १६ जूनच्या पत्रास अनुसरून कळवण्यात येते की, आपल्या गटाने मंजुरी मिळूनही मान्य चलनात बचत सुरू न केल्याची बाब उपसमितीच्या निदर्शनास आली आहे. जुलैअखेरपर्यंत गटाच्या पेटीत खरी रक्कम आढळून न आल्यास गट बंद झाला असे समजण्यात येईल व पेटी कुलपांसह परत मागवण्यात येईल.

आपला विश्वासू,
सचिव

ता. क. आक्का, हे मला लिहावं लागलं. बाब निदर्शनास कशी आली तेही सांगतो. पार्सल माझ्या टेबलावर फुटलं तेव्हा उपसमिती आत बसलेली होती. अध्यक्ष बटणांवरून घसरले आणि थेट कपाटाला जाऊन भेटले. चौकशी सुरू आहे. पण जून संपत आला. त्या इस्त्रीवालीचं काय झालं ते कळव. मी रोज तिच्यासाठी प्रार्थना करतोय. याची नोंद कार्यालयात नाही.

१८ जुलै

प्रिय भोपळ्या,

अध्यक्षांना लवकर बरं वाटो. काटकसरीचं व्याख्यान बसूनही देता येतं.

आता नीट ऐक. जूनची शेवटची बैठक. पेटी उघडली, प्रार्थना झाली, इस्त्रीवालीच्या पाळीचं कर्ज मोजून तिच्या पत्र्याच्या डब्यात ओतलं. डबा छातीशी धरून ती बाकावर बसून राहिली. टपरीची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. घरून निघताना मी माझ्या पेन्शनमधले पैसे पाकिटात घालून आणले होते, तिला बाजूला घेऊन देईन म्हणून. पाकीट पुढे केलं तर तिने ते माझ्या पर्समध्ये परत ठेवून पर्सची चेन लावली. "बाहेरचं, बाई," एवढंच म्हणाली.

तेवढ्यात दार आपटलं आणि टपरीचा मालक आत आला. दोन्ही हातांनी कोट पुढून आवळून धरलेला. त्याला बायको दिसली नाही, मी दिसले.

"हे सगळं तुमचं! माझ्या घरात एक बटण राहिलेलं नाही! कोटाला नाही, शर्टाला नाही, पायजम्याला..."

"पायजम्याला नाडी असते," मी म्हटलं.

"नाडीवरच चाललंय सगळं! उद्या मंडळीच्या पंचांची निवडणूक. मी उभा आहे. लोकांपुढे हात जोडायचे तर कोट कोणी धरायचा?"

"शिंपिणीकडे जा."

"तिच्या दुकानात एक नाही! म्हणते, सगळी पेटीत आहेत. पेटीतली द्या म्हटलं, तर म्हणते, सभासद व्हा, पाळी लावा!"

इस्त्रीवाली उठली. चालत त्याच्यापुढे गेली आणि डब्याचं झाकण काढलं. "टपरीची अनामत आणलीय."

मालकाने डब्यात बघितलं आणि हसला. मोठ्याने, मान मागे टाकून.

"दंड," पाववाली म्हणाली.

"कसला दंड? ही बाई मला अनामत म्हणून बट..." आणि तो थांबला. पुन्हा डब्यात बघितलं. हात घालून एक पितळी बटण वर काढलं. "हे माझं आहे! माझ्या कोटाचं!"

"होतं," मागच्या बाकावरून त्याची बायको म्हणाली. "ते मी मे महिन्यात भरलं. आता हिचं आहे."

तो तिच्याकडे वळला, पण वळताना कोट सुटला. सगळ्या हॉलने त्याचा बनियन बघितला. त्याने पुन्हा कोट आवळला. इस्त्रीवालीने डबा आणखी पुढे केला, तशी आतली बटणं बारीक वाजली.

"आतली सगळी?" त्याने विचारलं.

"सगळी. आणि भाडं महिन्याच्या महिन्याला, नोटांत. ते मी इस्त्री करून देईन."

"हिच्या नावावर गटाचं कर्ज किती आहे?" त्याने बायकोकडे हनुवटी केली. पाववालीने सांगितलं. त्याने डोळे मिटले.

भोपळ्या, त्याने टपरीची किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली. डब्यातून कोटापुरती बटणं वेचून घेतली आणि उरलेली तिथल्या तिथे बायकोच्या कर्जात भरली. हसण्याच्या दंडासकट. म्हणजे जी बटणं पेटीतून निघाली ती अर्ध्या तासात पेटीत परत आली. इस्त्रीवालीला टपरी मिळाली, मालकाला कोट मिळाला, त्याच्या बायकोचं कर्ज फिटलं. नुकसान नक्की कोणाचं झालं ते मी गेले काही आठवडे शोधतेय. तुझ्या उपसमितीला शोधायला सांग. त्यांना वेळ असतो.

निवडणुकीत तो पडला. पण कोट अंगावर चांगला बसला होता, हे पाळकसाहेबांनीही मान्य केलं.

टपरी सुरू आहे. बाजारात शिरणाऱ्याच्या डाव्या हाताला. निखाऱ्यांची इस्त्री, जाड घोंगडीचं टेबल, आणि तिची लेक पाण्याचा हबका मारायला. पहिल्या दिवशी रांग लागली. हप्ता बटणांतच फेडायचा, पण गिऱ्हाईक पैसे देतं. म्हणून परवाच्या बैठकीला तिने एक नाणं आणलं आणि विचारलं, "हे चालेल का?"

एकीकडून दुसरीकडे नाणं सगळ्या हॉलभर फिरलं. पाववालीने दाताखाली धरून बघितलं. नर्सने उजेडात धरलं. शिंपिणीने उलटंपालटं केलं आणि म्हणाली, "याला भोकं नाहीत. शिवायचं कसं?"

"शिवायचं नाही, ठेवायचं," इस्त्रीवाली म्हणाली.

"ठेवून काय होतं?"

तासभर चर्चा झाली. शेवटी मतदान. ठराव बहुमताने मंजूर झाला. विरोधात एकच मत पडलं, ते माझं. (थकबाकी फेडलीय, म्हणून या वेळी धरलं.) नवीन चलन आणायचं तर आधीच्या बैठकीत सूचना द्यावी लागते. तशी दिली नव्हती. नियम म्हणजे नियम.

तेव्हा उपसमितीला कळव, पेटीत खरी रक्कम आढळून आली आहे. एक नाणं आहे. भाव तूर्तास शर्टाच्या एका बटणाइतका ठरलाय. पाववालीला वाटतं, वाढेल.

तुझी,
आक्का